तीच गाडी, कुणाची गाडी

खंडेनवमीला पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत यंत्रांना हळद-कुंकू वाहतात, झेंडूचे हार घालतात. गेटाजवळ उभ्या असलेल्या कामगारांच्या आणि साहेबांच्या गाड्यांनाही त्या पूजेतला वाटा मिळतो. त्यांत एखादी आकुर्डीला बनलेली चेतक, म्हैसूरची येझदी किंवा कुर्ल्याची पद्मिनी असली की भोवती घोळका जमतो. मालक ती चालू करून दाखवतो आणि बघणाऱ्यांपैकी कुणीतरी हटकून विचारतो, ‘सगळं ओरिजनल आहे का?’ प्रश्न साधा वाटतो, पण त्याच्या पोटात दोन जुने प्रश्न आहेत. सुटे भाग बदलत गेल्यावर वस्तू तीच राहते का, आणि ती मिरवणाऱ्याने नेमका कशाचा अभिमान बाळगायचा? हे दोन प्रश्न सहसा वेगवेगळे हाताळले जातात. जुन्या गाडीच्या बाबतीत मात्र पहिल्याचे उत्तर मिळाल्याशिवाय दुसऱ्याचे मिळत नाही.

पहिल्या प्रश्नाचा प्रसिद्ध ग्रीक दाखला प्लुटार्कने थीसियसच्या चरित्रात दिला आहे. अथेन्सवासीयांनी थीसियसचे गलबत जपले. कुजलेली फळी काढून नवी बसवत राहिले. ते गलबत तेच की दुसरे, यावर तत्त्वज्ञांचे दोन तट पडले. इंग्रज तत्त्वज्ञ हॉब्जने १६५५च्या ग्रंथात त्यात आणखी एक पेच घातला. काढलेल्या सगळ्या जुन्या फळ्या जपून कुणी त्यांचे दुसरे गलबत त्याच क्रमाने जोडले, तर खरे कोणते? गॅरेजमध्ये हा पेच काल्पनिक नसतो. एकाच गाडीचे इंजिन एका सांगाड्यात आणि मूळ पत्रा दुसऱ्या सांगाड्यावर, अशा जोडण्या जुन्या गाड्यांच्या व्यवहारात होतात.

भारतीय परंपरेत वाद याहून बारीक आहे. ‘मिलिंदपञ्ह’ या बौद्ध ग्रंथात भिक्खू नागसेन राजा मिलिंदाला रथाबद्दल विचारतो. कणा म्हणजे रथ का, चाके म्हणजे रथ का, जू म्हणजे रथ का? यांपैकी एकही रथ नाही, आणि यांच्यापलीकडेही रथ सापडत नाही. ‘रथ’ हे भाग एकत्र आल्यावर व्यवहारासाठी दिलेले नाव. न्याय-वैशेषिकांना हे मान्य नाही. त्यांच्या मते अवयवी, म्हणजे पूर्ण वस्तू, अवयवांहून वेगळी आणि खरी असते; ती अवयवांत समवाय, म्हणजे अतूट, संबंधाने राहते. पण या वास्तववादाची त्यांना किंमत मोजावी लागते. एक अवयव निघाला की जुना अवयवी नष्ट होतो आणि उरलेल्या अवयवांतून नवा उत्पन्न होतो. हा न्याय काटेकोर लावला तर रिंग-पिस्टन बदलून आणलेली चेतक ही दर वेळी नवी चेतक ठरेल. आरटीओला हे पटणे कठीण. जैन दर्शनाने द्रव्य टिकते आणि पर्याय, म्हणजे त्याच्या अवस्था, बदलतात अशी मांडणी करून मध्यममार्ग काढला. मात्र गाडीतले टिकणारे द्रव्य नेमके कोणते, हे त्या मांडणीतूनही आपोआप कळत नाही.

लंडनच्या उच्च न्यायालयापुढे १९९० साली हाच प्रश्न पैशांच्या रूपात आला. ‘ओल्ड नंबर वन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बेंटली स्पीड सिक्सने १९२९ आणि १९३० साली ल मॉंची २४ तासांची शर्यत जिंकली होती. पुढे तिचे इंजिन बदलले, सांगाडा बदलला. १९३२ साली ब्रुकलँड्सच्या शर्यतीत तिला अपघात होऊन चालक क्लाइव्ह डनफी मरण पावला, आणि त्यानंतर तिची पुन्हा बांधणी झाली. विक्रीचा सौदा ठरल्यावर खरेदीदाराने हरकत घेतली की ही ती गाडीच नव्हे. १९२९ सालचे फारच थोडे भाग तिच्यात उरले होते, हे खरेच होते. न्यायमूर्ती ऑटन यांनी तिला ‘मूळ’ म्हणायला नकार दिला. तरीही तिचा इतिहास न तुटता चालत आला आहे, म्हणून ‘ओल्ड नंबर वन’ हे नाव तिचेच, असा निर्णय दिला. निर्णयाचे मर्म असे की ओळख धातूत नसते. एक गाडी म्हणून ती सलग नांदत आली, कुणी ना कुणी ती राखली, दुरुस्त केली, चालवली, आणि याला साक्षी आहेत. थीसियसच्या गलबताबाबत अनेकांना जे आतून पटते पण सिद्ध करता येत नाही, ते इथे न्यायालयाने पुराव्याच्या भाषेत मांडले.

भारतातल्या २०२१च्या नियमांनी उलटी वाट धरली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेली दुचाकी किंवा चारचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते आणि तिच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. मात्र ती मूळ रूपात हवी, सांगाडा, पत्रा किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. म्हणजे कायदा धातूकडे पाहतो. शिवाय अशी गाडी रस्त्यावर नियमित वापरायला मनाई आहे. प्रदर्शनासाठी किंवा रॅलीसाठी मात्र ती बाहेर काढता येते. मिरवायला मोकळीक आणि रोज कामावर न्यायला बंदी, ही व्यवस्था प्रदूषणाच्या दृष्टीने समजण्यासारखी आहे, पण तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने गमतीची. जी गाडी वापरातून जिवंत राहिली, तिला जुनेपणाचा मान घेताना वापर सोडावा लागतो.

आता मिरवण्याचा प्रश्न. भारतीय धर्मग्रंथ इथे मुळीच सौम्य नाहीत. गीतेच्या सोळाव्या अध्यायात दंभ, दर्प आणि अभिमान हे आसुरी संपत्तीत मोडतात. जैन आचार्य ऋद्धीच्या, म्हणजे संपत्तीच्या मदाची वेगळी गणना करतात. समर्थांनी दासबोधात मूर्खांची लक्षणे सांगताना स्वतःची स्तुती करणाऱ्यालाही त्यांत बसवले. मात्र याच परंपरेत एक महत्त्वाची सूट आहे. जैन आचार्य उमास्वातींनी परिग्रहाची, म्हणजे संचयाची, व्याख्या वस्तू जवळ असण्यावरून केली नाही, मूर्च्छेवरून, म्हणजे वस्तूतल्या आसक्तीवरून केली. त्यामुळे दोष ठरवताना गाडीकडे नव्हे, मालकाच्या मनाकडे पाहावे लागते.

मनाकडे पाहण्याची एक कसोटी तत्त्वज्ञ अॅलस्डेअर मॅकिंटायर यांच्या १९८१च्या ‘आफ्टर व्हर्च्यू’ या ग्रंथात सापडते. एखाद्या कलेतून मिळणारी काही फळे, पैसा आणि प्रतिष्ठा, तिच्या बाहेरची असतात. काही त्या कलेच्या आतली असतात आणि ती कळलेल्यालाच चाखता येतात. सहकाऱ्यांपुढचे प्रदर्शन नेमके या सीमेवर घडते. ‘कितीला पडली?’ हा बाहेरच्या फळाचा प्रश्न. ‘कार्बोरेटर कुठून मिळवला?’ हा आतल्या फळाचा. दुसरा प्रश्न विचारणारे सहकारी कारखान्यात विपुल असतात. बोअर, टॉलरन्स, पत्र्याची जाडी हे त्यांचे रोजचे काम असते. अशा माणसांपुढे पोकळ बढाई फार वेळ तग धरत नाही. पण कामाची जागा हुद्द्यांचीही असते. शिपायाने वडिलांची स्कूटर नवी घेणे परवडत नाही म्हणून चालवत ठेवली, आणि संचालकाने रिस्टोअर केलेली गाडी हौसेने विकत घेतली, तर वाहनतळात दोघांना सारखी वाहवा मिळेलच असे नाही. बेंटलीच्या निकालातला न तुटलेला सांभाळ हा निकष धरला, तर शिपायाची बाजू जास्त भक्कम ठरते.

तयार गाडी विकत घेणाऱ्याचा दावा मात्र यामुळे रद्द होत नाही, बदलतो. सांभाळाची साखळी त्याच्या आधीच विणली गेली. तो तिच्यातला ताजा दुवा. त्याने आधीच्या मालकांची कागदपत्रे जपली, गाडी चालवत ठेवली, तर अभिमानाला जागा आहे, तेवढ्यापुरती. आणि साखळीत मिस्त्रीही असतो. इंजिन खोलणारा, डेंटिंग-पेंटिंग करणारा, न मिळणारा भाग लेथवर घडवून देणारा तो. खंडेनवमीच्या घोळक्यात तो सहसा नसतो. गाडीची ओळख सांभाळातून येते असे मानले, तर तिचा इतिहास सांगताना त्याचे नाव घेणे हे सौजन्य नव्हे, पुराव्याचाच भाग. ते गाळले तर ‘सगळं ओरिजनल आहे का?’ या प्रश्नाला दिलेले उत्तर अर्धे राहते.