दोघांमधला आकडा

१९७२ च्या उन्हाळ्यात रेक्याविकला बॉबी फिशरने बोरिस स्पास्कीला साडेबारा-साडेआठ असं हरवलं आणि सोव्हिएत खेळाडूंनी पाव शतक घरात ठेवलेलं जगज्जेतेपद अमेरिकेला नेलं. पुढच्या वर्षी फिडेची, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाची, यादी आली तेव्हा फिशरचं रेटिंग २७८५ वरून २७८० वर आलेलं होतं.

यात कुणाचा खोडसाळपणा नव्हता. स्पास्कीचं रेटिंग २६६० होतं, म्हणजे दोघांत १२५ गुणांचं अंतर. एवढं अंतर असेल तर वरच्याने साधारण ६७ टक्के गुण मिळवावेत, असं रेटिंगचं कोष्टक सांगतं. दुसऱ्या डावाला फिशर फिरकलाच नाही, तो डाव रेटिंगच्या हिशोबात येत नाही. उरलेल्या वीस डावांत त्याच्याकडून तेरा-साडेतेरा गुणांची अपेक्षा होती. त्याने साडेबारा केले. स्पास्कीला त्याने हरवलं खरं, पण त्याच्या आकड्याला शोभेल इतकं हरवलं नाही.

रेटिंग म्हणजे बक्षीस नव्हे, अंदाज. अंदाजापेक्षा सरस खेळलात तर अंदाज वर सरकवायचा, कमी पडलात तर खाली. ही गोष्ट तत्त्वतः सगळ्यांना पटते, व्यवहारात जवळजवळ कुणालाच पटत नाही. आपल्याकडे रेटेड स्पर्धेच्या हॉलबाहेर थांबलेल्या आईबाबांचा एकमेकांना पहिला प्रश्न ‘रेटिंग किती?’ हाच असतो, आणि तो वजन किंवा उंची विचारावी तसा विचारलेला असतो. आकडा मुलाच्या अंगात आहे, असं गृहीत असतं. खरं तर तो दोन खेळाडूंच्या मधे असतो.

गंमत अशी की आकडे नव्हते तेव्हा लोकांना हे नीट कळत होतं. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या आणि लंडनच्या कॅफेंमध्ये बलवान खेळाडू दुबळ्याला काहीतरी देऊन खेळत असे: एक प्यादं आणि पहिली चाल, कधी घोडा, अगदीच नवशिका असेल तर हत्तीसुद्धा. खेळाडूची ओळखही तशीच व्हायची, की अमका तमक्याकडून घोडा घेतो. ताकद सांगायची तर दुसऱ्याचं नाव घ्यावंच लागे.

या नात्याला गणित पहिल्यांदा लावलं ते एर्न्स्ट झर्मेलो या जर्मन गणितज्ञाने, १९२९ मध्ये. संच सिद्धांतात मोठं नाव असलेल्या या माणसाने स्पर्धेचे निकाल संभाव्यतेच्या भाषेत मांडले: प्रत्येकाला एक ताकद द्या, दोघांच्या ताकदींच्या गुणोत्तरावरून जिंकण्याची शक्यता काढा, आणि झालेले निकाल ज्या ताकदींमुळे सर्वांत संभवनीय ठरतात त्या शोधा. बुद्धिबळाच्या जगाने तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. १९४८ मध्ये जर्मनीत आन्टोन होसलिंगरने इंगो पद्धत काढली, तिच्यात आकडा जितका लहान तितका खेळाडू मोठा. अमेरिकेत केनेथ हार्कनेसने दोनशे-दोनशे गुणांचे वर्ग पाडले. या पद्धती चालल्या, पण त्यांचा आधार हाताला आलेला ठोकताळा एवढाच होता.

आर्पाद एलो यांचा जन्म १९०३ चा, हंगेरीतला. लहानपणीच अमेरिकेत आले, मिलवॉकीच्या मार्केट विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवलं, आणि विस्कॉन्सिन राज्याचं बुद्धिबळ विजेतेपद अनेकदा पटकावलं. अमेरिकी महासंघाने त्यांची पद्धत १९६० मध्ये स्वीकारली, फिडेने १९७० मध्ये. त्यांनी गृहीत धरलं ते इतकंच: खेळाडू रोज सारखा खेळत नाही, एका सरासरीच्या खाली-वर खेळतो, दोघांच्या सरासऱ्यांतला फरक कळला तर निकालाची अपेक्षा काढता येते, आणि प्रत्यक्ष निकाल व अपेक्षा यांतल्या फरकाला एका गुणकाने, खेळाडूंच्या तोंडच्या ‘के फॅक्टर’ने, गुणून जुन्या आकड्यात मिळवायचं. दोनशे गुणांची पायरी हार्कनेसची होती. लोकांना ती सवयीची म्हणून एलोंनी राहू दिली.

म्हणजे २७८५ मध्ये स्वतःचं असं काही नाही. उद्या जगातल्या प्रत्येकाच्या रेटिंगमध्ये हजार मिळवले तर एकाही डावाचा अंदाज बदलणार नाही. एलोंना याची पूर्ण जाणीव होती. वाऱ्यावर हेलकावणाऱ्या दोरीला बांधलेल्या पट्टीने पाण्यावर डुचमळणाऱ्या बुचाची जागा मोजावी, तसं हे मोजमाप आहे, असं ते स्वतःच म्हणत. तरीही १९७८ च्या पुस्तकात जुन्या काळच्या दिवंगत दिग्गजांना, कापाब्लांकाला २७२५ आणि मॉर्फीला २६९०, असे आकडे देण्याचा मोह त्यांनाही आवरला नाही. जे कधी एकमेकांसमोर बसलेच नाहीत त्यांना एका पट्टीवर उभं करण्याची हौस तेव्हापासून फोफावली, ती २०१४ च्या जगज्जेत्या मॅग्नस कार्लसनचे २८८२ आणि फिशरचे २७८५ शेजारी ठेवून वाद घालण्यापर्यंत.

खरी अडचण मात्र गेलेल्यांची नाही. जिवंत माणसंही कधीकधी एकमेकांसमोर येत नाहीत. सूत्र गुण एकाकडून घेऊन दुसऱ्याला देतं, त्यामुळे जो गट आपसातच खेळतो त्याचे गुण गटातच फिरत राहतात, आणि बाहेरच्या गटाशी त्याचं अंतर किती हे कुणालाच सांगता येत नाही. स्त्रियांच्या बुद्धिबळात हे फार काळ चाललं. १९७६ मध्ये तेरा वर्षांच्या रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या तेव्हा केवढा गहजब झाला होता! प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि शेवटी फिडेचे अध्यक्ष मॅक्स यूवे यांना निर्णय द्यावा लागला की स्त्रियांना अडवता येणार नाही. पण दार उघडलं म्हणून सगळ्या आत गेल्या असं झालं नाही.

मग फिडेने एक अजब तोड काढली. जानेवारी १९८७ च्या यादीत जगातल्या सर्व स्त्री खेळाडूंना सरसकट शंभर गुण वाढवून देण्यात आले. सर्व म्हणजे एक सोडून. सतरा वर्षांची हंगेरियन सुझन पोल्गार तेवढी वगळली गेली, कारण ती मुख्यतः पुरुषांशी खेळत असे आणि तिचे गुण आधीच ‘खऱ्या’ पट्टीवरचे मानले गेले. ती २४९५ वर राहिली आणि महिला जगज्जेती माया चिबुर्दानिद्झे २५३० वर गेली. स्त्रियांमधला पहिला क्रमांक एकही डाव न हरता सुझनच्या हातून गेला.

या निर्णयाला नावं ठेवणं सोपं आहे आणि ती ठेवलीही गेली. पण त्यामागचं निदान खोटं नव्हतं, हे मान्य करावं लागतं. गट बंदिस्त होता, त्याचे आकडे बहुधा खरोखर दबलेले होते, आणि सुझन त्या गटात नव्हती. चूक उपचारात होती. अंतर कळायला डाव खेळवावे लागतात. फिडेने ते ठरावाने बुजवलं. शंभरच का, ऐंशी किंवा एकशेतीस का नाहीत, याचं प्रत्येकीला लागू पडेल असं उत्तर असूच शकत नव्हतं.

बंदिस्त गट उलट्या दिशेनेही बिघडतो. व्हर्जिनियातल्या तुरुंगात आईच्या खुनाची शिक्षा भोगणारा क्लॉड ब्लडगुड १९९६ मध्ये २७०२ गुणांसह अमेरिकेच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर होता. तो हजारो डाव खेळला, सहकैद्यांशी. नवा खेळाडू बड्या रेटिंगवाल्याशी हरला तरी त्याचं पहिलं रेटिंग त्या बड्याच्या आसपासच, चारशेएक गुण खाली, निघत असे. मग त्याला पुन्हा हरवून त्याचे गुण खायचे. त्याने हे मुद्दाम केलं की आपोआप घडलं, यावर आजही वाद आहे. तुरुंगाबाहेरचे प्रतिस्पर्धी त्याला मिळणार तरी कुठून होते?

आपल्याकडची गोष्ट याहून साधी आणि जास्त लोकांना चटका लावणारी. कोविडची दोन वर्षं मुलं घरी बसून ऑनलाइन खेळली, शिकली, आणि रेटिंग मात्र जिथल्या तिथे राहिलं. स्पर्धा सुरू झाल्यावर १७०० चे एखादे बँकेतले काका १३०० च्या दहा वर्षांच्या मुलासमोर बसले. मुलगा खेळत होता १८०० सारखा. काका हरले तर जवळपास १८ गुण जायचे. मुलाचा के फॅक्टर ४०, काकांचा २०, म्हणून मुलाला त्याच्या दुप्पट मिळायचे, तरी ते त्याच्या खऱ्या ताकदीला पुरे पडत नसत. तोवर त्याने आणखी दोन-तीन काकांना खाली ओढलेलं असायचं. आकड्यांची ही सार्वत्रिक घसरण भारतात ठळक दिसली. १ मार्च २०२४ ला फिडेने २००० च्या खालच्या सर्वांना २००० पासूनच्या अंतराच्या चाळीस टक्के गुण देऊन टाकले. हजारवाला १४०० झाला, १८०० वाला १८८०. पुन्हा ठरावाने गुण, पण या वेळी आकडेवारी मांडून आणि कुणालाही न वगळता.

मूळ दुखण्यावर एक इलाज १९९५ मध्येच निघाला होता. मार्क ग्लिकमन या संख्याशास्त्रज्ञाने ग्लिको पद्धतीत रेटिंगला त्याची अनिश्चितता जोडली. नियमित खेळणाऱ्याचा आकडा पक्का आणि हळू हलणारा, वर्षभर गायब असलेल्याचा सैल. ऑनलाइन बुद्धिबळ याच घराण्याच्या पद्धतींवर चालतं. फिडे अजून एलोवरच आहे, आणि मला त्याचं नवल वाटत नाही. ‘१६०० च्या आतले’ या गटाचं बक्षीस वाटायचं असेल तर ‘१५८०, पण नव्वद इकडे किंवा तिकडे’ असं म्हणून आयोजकाचं भागत नाही. बक्षीस, निवड, शिष्यवृत्ती या सगळ्यांना एकच आकडा हवा असतो.

या एका आकड्यावर मोठी दारंही उघडतात. २०२२ मध्ये रशियन खेळाडू कार्याकिनवर बंदी आल्यावर, जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या कॅंडिडेट्स स्पर्धेची एक जागा रेटिंगवर भरायची होती. डिंग लिरेनचं रेटिंग पुरेसं होतं, पण महामारीमुळे तो वर्षभरात मोजकेच डाव खेळला होता. चीनने घाईने स्पर्धा भरवून काही आठवड्यांत त्याचे डाव पुरे केले. जुळवाजुळव उघड होती. तो माद्रिदला दुसरा आला, कार्लसनने जगज्जेतेपद सोडलं, आणि २०२३ मध्ये अस्तानात डिंग जगज्जेता झाला. जुळवून आणलेल्या आकड्याचा अंदाज बरोबर निघाला!

दुसरीकडे नागपूरची दिव्या देशमुख. जुलै २०२५ मध्ये बातुमीच्या महिला विश्वचषकात ती पंधराव्या मानांकनाने उतरली, तान झोंगयी आणि कोनेरू हम्पी यांच्यासारख्या जास्त रेटिंगच्या खेळाडूंना हरवून चषक जिंकली, आणि खात्यात एकही ग्रँडमास्टर नॉर्म, म्हणजे त्या किताबासाठी एरवी लागणारी स्पर्धेतली कामगिरी, नसताना थेट ग्रँडमास्टर झाली. यामुळे रेटिंग खोटं ठरलं असं म्हणणारे भेटतात. ते चूक आहेत. ती हरण्याची शक्यता जास्त आहे एवढंच तो आकडा सांगत होता, हरेलच असं नाही.

त्याच वर्षी अमेरिकी ग्रँडमास्टर हिकारू नाकामुराने रेटिंगवर कॅंडिडेट्स गाठण्यासाठी लागणारे चाळीस डाव पुरे करायला अमेरिकेतल्या लहानसहान स्पर्धा गाठल्या. चारशेहून जास्त अंतर असलं तरी चारशेच धरायचं, असा फिडेचा नियम होता. त्यामुळे २८०० च्या आसपासच्या खेळाडूला १८०० वाल्याला हरवूनही दर वेळी ०.८ गुण मिळत होते. ऑक्टोबर २०२५ पासून २६५० च्या वरच्यांसाठी ही सवलत काढली. आता त्यांच्या बाबतीत अंतर जितकं असेल तितकं धरतात. बाकीच्यांना चारशेची मर्यादा अजून आहे.