दोष कोणाचा?

फुप्फुसाच्या कर्करोगाने अंथरुणाला खिळलेल्या एका स्नेह्यांच्या भेटीस गेलो असता, ‘आपण विड्या पुष्कळ ओढीत होता, नाही?’ असे माझ्या तोंडून निघून गेले. ते शांतपणे म्हणाले, ‘आम्ही दोघे भाऊ एकाच बंडलातल्या ओढीत होतो. तो अजून शेतावर जातो.’ मी वरमलो. माझा प्रश्न वैद्याचा नव्हता, न्यायाधीशाचा होता.

सख्ख्या भावांनाही वारसा सारखा मिळत नाही. पेशीला प्राणवायूची उणीव कशी कळते, याचा उलगडा केल्याबद्दल केलिन, रॅटक्लिफ व सेमेन्झा यांना 2019 साली नोबेल पारितोषिक मिळाले. प्राणवायू मुबलक असेल तोवर पेशी आपल्यातील एक विशिष्ट प्रथिन सतत नष्ट करीत असते; तो कमी पडला की ते टिकते आणि नव्या रक्तवाहिन्यांची तजवीज करते. कर्करोगाची गाठ भराभर वाढू लागली म्हणजे तिचा गाभा गुदमरतो, आणि मग ती याच व्यवस्थेकडून आपल्यासाठी रक्तवाहिन्या करवून घेते. घरच्या दरवानानेच चोराला वाट दाखवावी, तसा हा प्रकार! ही यंत्रणा सर्वांची एकसारखी नसते. तिबेटी लोकांत तिच्यातील एका जनुकाचे निराळे रूप आढळते, हे 2010 साली दिसून आले. त्यामुळे विरळ हवेतही त्यांचे रक्त फाजील दाट होत नाही. मग एकच धूर दोन छात्यांत सारखेच काम करील, हे आपण कशावरून गृहीत धरतो?

परंतु येथे एक धोका आहे. डॉल व हिल यांनी 1950 साली धूम्रपानाचा या रोगाशी संबंध दाखविल्यावर, फिशर या थोर संख्याशास्त्रज्ञाने पुढे असा तर्क लढविला की, धूम्रपानाची ओढ आणि हा रोग ही दोन्ही एकाच वारशाची फळे असावीत. फिशर स्वतः पाइप ओढीत व तंबाखूच्या कारखानदारांचे सल्लागार होते, ही गोष्ट बाजूला ठेवली तरी त्यांचा तर्क टिकत नाही. कारण वारसा एका पिढीत पालटत नाही, आणि रोग तर तेवढ्या काळात कितीतरी पटींनी वाढला होता. धूम्रपान करणाराला हा धोका इतरांच्या 15 ते 30 पट असतो. जन्मजात भेदाने एवढे अंतर पडत नाही.

तथापि फिशर यांच्या म्हणण्यात सत्याचा एक कण होता. निकोटिनची ओढ वाढविणारा जनुकभेद पंधराव्या गुणसूत्रावर असल्याचे 2008 साली आढळले. मात्र त्याने विक्रेत्याची सुटका होत नाही. ज्याला ‘नको’ म्हणणे जन्मतःच जड जाते, त्याच्याच हाती तो रोज नवे पाकीट देत असतो. आणि भेटीला आलेला माझ्यासारखा माणूस जाब विचारतो तो मात्र रुग्णाला.