पकड सैल करताना

हात टेबलावर ठेवा. तळवा वर, बोटं आपापली वळलेली. पेन अजून दूर असू द्या. आज आपल्याला एकच ओळ लिहायची आहे, आणि तीही बऱ्याच वेळाने.

आधी नुसतं पाहा. लिहिणाऱ्या हाताच्या मधल्या बोटावर, नखाच्या कडेला, बहुधा एक घट्टा सापडेल. तो शाळेत असताना पडला. परीक्षेच्या दिवसांत लाल व्हायचा, दुखायचा, पुढे निबर झाला. दुसऱ्या हाताचं बोट त्यावरून फिरवा. कातडी जाड व्हावी इतका दाब तिथे वर्षानुवर्षं पडत होता. पेनाचं वजन काही ग्रॅम, तेव्हा हा दाब पेनाचा नव्हे. तो आपल्याच अंगठ्याचा आणि तर्जनीचा. घाईत, धाकात, तीन तासांत उत्तरपत्रिका भरून काढताना आपण पेन आवळायला शिकलो. आवळून धरणं म्हणजे मन लावून लिहिणं, असं हाताने तेव्हाच धरून ठेवलं, आणि परीक्षा संपून कैक वर्षं झाली तरी त्याला ते सोडायला कोणी सांगितलेलं नाही.

आता दुसऱ्या हाताने कोपराच्या जरा खाली पकडा आणि लिहिणाऱ्या हाताची बोटं सावकाश मिटा, उघडा. बोटं हलतात तिकडे, हालचाल जाणवते इथे. बोटं मिटवणारे मुख्य स्नायू कोपर आणि मनगट यांच्या मधल्या भागात असतात. तिथून लांब दोऱ्या, म्हणजे कंडरा, बोटांपर्यंत जातात. मनगटाच्या एका अरुंद बोगद्यातून अशा नऊ कंडरा आणि एक मज्जातंतू दाटीवाटीने जातात. पानभर लिहिल्यावर हात वरपर्यंत भरून येतो तो त्या स्नायूंमुळे. दुखणं बोटात आहे असं वाटतं, राबलेलं असतं बरंच काही.

इथे थोडं थांबा. श्वास पाहा. लिहिताना अनेकजण तो धरून ठेवतात.

आता अंगठ्याच्या बुडाशी या, मनगटाला लागून असलेल्या सांध्याशी. दोन खोगिरं एकमेकांवर आडवी ठेवावीत तशी याची हाडं बसलेली असतात, म्हणून तर अंगठा बाकीच्या चारही बोटांना जाऊन भेटतो. मात्र या मोकळेपणाची किंमत सांधा मोजतो. कूनी आणि चाओ या संशोधकांनी १९७७ मध्ये अंगठ्यावर येणाऱ्या बलांचं गणित मांडलं. चिमटीच्या टोकाशी एक किलो जोर लावला, तर या सांध्यावर सुमारे बारा किलो भार येतो. हा आकडा मनात जरा वेळ राहू द्या. टोकाशी थोडंसं आवळलं की बुडाशी त्याच्या बारापट. आणि टोकाशी थोडंसं सोडलं, तर बुडाशी बारापट सुटका.

वय वाढतं तसा हा सांधा झिजतो, बायकांमध्ये अधिक. बरणीचं झाकण, किल्ली, पिळायचे कपडे, सगळीकडे तो टोचत राहतो. लिखित जपाची वही रोज भरणाऱ्या आजीला तो प्रत्येक ओळीगणिक टोचतो. तिला कोणी म्हणतं, आता पुरे, मनातल्या मनात जप करा. सल्ला मायेचा असतो, पण मला तो पटत नाही. तिचा नेम लिहिण्याचा आहे. तो मोडायला सांगण्याआधी तिच्या हातातलं पेन कोणतं आहे, एवढं तरी बघायला हवं.

तर आता पेन घ्या, घरातलं रोजचं. लिहू नका, नुसतं धरा. त्याची दांडी किती बारीक आहे? जितकी बारीक, तितकी बोटं जास्त वाकवावी लागतात, आणि वाकलेल्या सांध्याला जोर जड जातो. किती गुळगुळीत आहे? गुळगुळीत प्लॅस्टिक घामाने निसटतं, निसटू नये म्हणून आपण आवळतो. रबराची पकड मऊ लागते ते खरं, पण तिचं मोठं काम ते नव्हे. ती निसटत नाही, म्हणून कमी जोरात धरता येतं.

टोकाकडे पाहा. बॉलपेनची शाई दाट, तेलकट. ती खाली यायची तर गोळी फिरायला हवी, आणि गोळी फिरायची तर ती कागदावर टेकवून दाबायला हवी. हंगेरीच्या लास्लो बिरोने १९३८ मध्ये या पेनाचं पेटंट घेतलं. शाई गळेना, डाग पडेनात, कार्बनखालच्या प्रती उमटू लागल्या. जगाची मोठी सोय झाली. पण टाकाला आणि शाईपेनाला जो दाब कधी लागला नव्हता, तो बोटांना रोजचा झाला. शाईपेनाची पातळ शाई निबच्या फटीतून आपणहून उतरते; निब कागदाला लागली की पुरे. जेलपेन या दोहोंच्या मधलं. जपानच्या साकुरा कंपनीने १९८४ मध्ये ते बाजारात आणलं. त्यातली शाई पाण्याची, एरवी घट्ट, गोळी फिरताच पातळ होणारी. हात दुखणाऱ्याने सगळ्यात आधी शाई बदलून पाहावी असं मला वाटतं. दांडीची गोष्ट त्यानंतरची.

दांडीचा विचारही लोकांनी मनापासून केला आहे. साधी पेन्सिल साधारण सात मिलिमीटर जाड असते. पायलट कंपनीने १९९१ मध्ये डॉक्टर ग्रिप आणलं ते १३.८ मिलिमीटरचं, जवळजवळ दुप्पट. इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराची पेनंही मिळतात. त्यांच्या बेचक्यात तर्जनी टेकते, हाताचं वजनच टोकावर येतं आणि चिमटीला फारसं काम उरत नाही. पण महाग पेनासाठी अडून राहू नका. फोमच्या नळीचा तुकडा किंवा सुती पट्टीचे चार-पाच वेढे रोजच्या पेनावर चढवले तरी जाडी मिळते. फार जाडही नको, बोटं फाकतात. आणखी एक रीत: पेन तर्जनी आणि मधल्या बोटाच्या बेचक्यात अडकवा, अंगठा नुसता टेकू द्या. दोन दिवस अक्षर अनोळखी दिसेल, पण दुखऱ्या सांध्यावरचा भार उतरेल.

आता कागद घ्या. खाली आणखी चार-सहा कागद असू द्या. तुमच्या मनातली कोणतीही ओळ निवडा, देवाचं नाव, आईचं नाव, आजची तारीख. लिहायला लागा, आणि दर शब्दाला दाब थोडा कमी करा. आणखी कमी. अक्षर फिकट होईल, शिरोरेघ मधेच तुटेल. तिथे थांबा. या तुटण्यापेक्षा केसभर जास्त, एवढाच दाब या पेनाला हवा होता. वरच्या शब्दांना दिलेला बाकीचा सगळा जोर कागदाने मागितलेला नव्हता.

हा फरक वाचून कळत नाही, हातानेच कळतो. घाई न करता पुन्हा लिहा. खांदा वर चढला असेल, तर खाली येऊ द्या. अक्षर वळणदार आलं नाही तरी चालेल. सुंदर हस्ताक्षराचा आग्रह आपल्याकडे फार जुना, आणि त्याचा मलाही मनापासून अभिमान आहे. पण ठणकणाऱ्या सांध्याकडून घोटीव वळण वसूल करणं मला क्रूर वाटतं.

काही हातांना मात्र कोणतंच पेन पुरत नाही. इटलीचे वैद्य रामाझ्झिनी यांनी कारागिरांच्या रोगांवरच्या ग्रंथात १७१३ साली लेखनिकांची व्यथा नोंदवली: सतत बैठक, हाताची एकाच दिशेची अखंड हालचाल आणि मनावरचा ताण. त्यांच्या ओळखीच्या एका लेखनिकाचा उजवा हात निकामी झाला, तो डाव्याने लिहायला शिकला, आणि पुढे डाव्यालाही तेच दुखणं लागलं. लिहितानाच बोटं आखडण्याचाही एक विकार असतो; त्याचं मूळ पुष्कळदा मेंदूकडून येणाऱ्या आज्ञांत असतं. म्हणून रात्री मुंग्या येत असतील, सांधे सुजत असतील, सकाळी हात बराच वेळ उघडत नसेल किंवा बोटं हुकूम ऐकत नसतील, तर पेनं बदलत बसू नका, डॉक्टरांना हात दाखवा.

आणि दुसऱ्याकडून लिहून घेण्यात कमीपणा मानू नका. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये नेवाशाला सांगितली गेली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. लिहिणाऱ्याचं नाव ग्रंथाच्या शेवटी आदराने आलं आहे. कायद्यालाही हे उमगलं आहे. बोटं आखडण्याचा हाच विकार असलेल्या एका परीक्षार्थीच्या खटल्यात ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी तो लिहिला: अपंगत्व चाळीस टक्क्यांच्या मापात बसत नाही म्हणून लेखनिक नाकारता येणार नाही. परीक्षेला बसणाऱ्या मुलामुलींच्या आईवडिलांना हे माहीत असायला हवं.

शेवटी सही उरते, ती दुसऱ्याला करता येत नाही. सांधे बदलले की सहीही बदलते, आणि बँकेत जुन्या नमुन्याशी जुळवताना माणूस आणखी आवळून लिहितो. ते करू नका. सोप्या पेनाने, सैल हाताने, आखूडशी एक सही बसवा, आठवडाभर घरी करून पाहा. मग बँकेत जाऊन नमुना बदलून घ्या. तशी सोय असते.