त्वचा आणि सांधे: दुखणं एकच

मेहरूण तलावाकाठी सकाळी फिरायला येणाऱ्यांत एखाद्याची टाच टेकत नाही, एखादं बोट सुजून जाड झालेलं असतं, नखांवर बारीक खड्डे दिसतात. कोपरावरच्या खवल्यांना मलम आणि सांध्यांना वेदनाशामक गोळी, असे दोन वेगळे उपचार चालतात. मूळ मात्र एकच असू शकतं, सोरायसिसचा संधिवात. हा स्पर्शाने पसरत नाही. शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते. संधिवातासाठी तपासला जाणारा रक्तातला आरए फॅक्टर यात बहुधा निगेटिव्ह येतो, म्हणून तेवढ्यावर निर्धास्त राहू नये. निदानाला सहा महिने उशीर झाला तरी सांध्यांची कायमची हानी वाढते.

'या संधिवातावरची औषधं यकृत बिघडवतात,' असा आक्षेप असतो. भीती निराधार नाही, पण तिचं उत्तर औषध सोडणं नव्हे, तर देखरेख हे आहे. यातलं मेथोट्रेक्सेट हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचं, रोज कधीच नाही. मद्य टाळायचं, रक्त वेळोवेळी तपासायचं. ते पुरलं नाही, तर जैविक औषधं आहेत. ती महाग आहेत, आणि आधी क्षयाची तपासणी लागते. एक औषध लागू पडलं नाही म्हणून सारे उपाय संपले, असं नसतं. तेव्हा सांधे आखडत असतील, तर डॉक्टरांना त्वचाही दाखवा.