भिडेचं काय करायचं?

सात रस्त्यावरच्या टपरीवर मित्राने वहीत वर्तुळं काढली. तू सहा जण आण, ते प्रत्येकी सहा आणतील. मी मोबाइलवर गुणाकार केला. एकट्या आठव्या पायरीलाच जवळपास १६ लाख ८० हजार माणसं लागतात. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या सोलापूर शहरात साडेनऊ लाख होती! २०२१ च्या थेट विक्री नियमांनी असल्या पिरॅमिडवर बंदीच घातली आहे. कमाई माल विकून करायची, माणसं भरती करून नाही. हा भाग सोपा.

पण समजा, मी कायद्याने चोख राहून नुसता साबण विकला, तर? नियम सांगतात, ओळखपत्र आणि आधी घेतलेली परवानगी असल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या घरी जायचं नाही. मावशीकडे परवानगी मागून कोण जातं? ती कडक भाकरी आणि शेंगाचटणी पुढे ठेवील आणि किंमत न विचारता दोन साबण घेईल. भिडेपोटी. तिला 'नको' म्हणता येत नसेल, तर ती विक्री की वर्गणी?

मित्राला म्हटलं, पहिलं गिऱ्हाईक परकं हवं, तोंडावर नकार देणारं. तो हसला, "मग विकणार कुणाला?"

उत्तर सुचलं नाही. त्याच्याकडूनच घेतलेले तीन साबण माझ्या कपाटात अजून तसेच आहेत.