कलावंत आणि कारण

कलावंतानें आपल्या कलेचें कारण सांगावें काय, हा प्रश्न फार जुना आहे. फुलास त्याच्या सुगंधाचें कारण कोणी विचारीत नाहीं. मग गायकासच तें कां विचारावें, असें कित्येक रसिक म्हणतात. आम्हां भुसावळकरांस या पक्षाचा दाखला शेजारींच मिळतो. जळगांवजवळील असोद्यास १८८० सालीं जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांस अक्षरओळख नव्हती. घरकाम व शेतकाम करतांना त्यांच्या मुखांतून निघालेलीं गाणीं इतरांनीं उतरून घेतलीं आणि त्यांच्या निधनानंतर १९५२ सालीं तीं ग्रंथरूप झालीं. शास्त्रावांचून त्यांचें काय अडलें?

आक्षेप वजनदार आहे, परंतु डॉ. प्रभा अत्रे (१९३२–२०२४) यांचें चरित्र पाहिलें म्हणजे प्रश्नाची दुसरी बाजू ध्यानांत येते. पुण्यास जन्मलेल्या या विदुषीनें विज्ञान व कायदा या विषयांच्या पदव्या घेतल्या आणि सुरेशबाबू माने व हिराबाई बडोदेकर यांजपाशीं किराणा घराण्याची तालीम घेतली. ख्यालांत सरगम घेणें म्हणजे स्वरांचीं नुसतीं नांवें उच्चारणें, त्यांत भाव कसला, असें म्हणणारे जाणकार होते. प्रभाताईंनीं सरगम सोडली नाहीं. तोच विषय घेऊन प्रबंध लिहिला व डॉक्टरेट मिळविली. त्यांनीं बंदिशी रचिल्या, अपूर्व कल्याणासारखे राग निर्मिले आणि ‘स्वरमयी’सारख्या ग्रंथांतून आपला विचार मांडिला.

आतां नीतीचा मुद्दा असा. बहिणाबाईंनीं परंपरेनें आलेली ओवी आपलीशी केली. त्यांस जाब विचारण्याचें कोणास कारण नव्हतें. परंतु गुरूकडून मिळालेल्या विद्येंत जो भर घालतो, आणि ती पुढें शिकवितो, त्याच्यावर एक ऋण चढतें. प्रभाताई मुंबईच्या श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठांत संगीतविभागाच्या प्रमुख होत्या. ‘मला असें सुचलें’ एवढेंच जो गुरु सांगतो, त्याच्या शिष्यास अनुकरण किंवा बंड हे दोनच मार्ग उरतात. कारण सांगितलें म्हणजे शिष्यास तें तपासतां येतें, आणि न पटल्यास आदर राखून नाकारतांही येतें. गुरूनें शिष्यास याहून मोठें स्वातंत्र्य तें कोणतें द्यावें?

कारण दिल्यानें गाणें गोड होत नाहीं, हें खरें. गोडी गळ्याची व साधनेचीच. परंतु गळा गायकाबरोबर जातो. समजून दिलेली विद्या मागें राहते.