शिखरावरून खाली



कळसूबाई हे १,६४६ मीटर उंचीचे महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर. अकोले तालुक्यातील बारी गावातून पहाटे निघालेली तरुण मंडळी झपाझप पावले टाकीत, लोखंडी शिड्या चढून माथा गाठतात आणि त्याच दिवशी खाली परततात. माथ्यावर घर करून कोणी राहत नाही.

उपवासकाळाच्या दुसऱ्या रविवारी आपण प्रभूच्या रूपांतराचे शुभवर्तमान ऐकतो. उंच डोंगरावरचे ते तेज पाहून पेत्राला तेथेच तीन मंडप उभारावेसे वाटले. पण प्रभू येशू शिष्यांना घेऊन खाली उतरला. पायथ्याशी एका आजारी मुलाचा बाप वाट पाहत होता.

रविवारची मिस्सा हे आपले शिखर. तेथून आपल्यालाही उतरायचे आहे. १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झाले. त्या पाण्यासाठी गाव सोडून, संसार डोक्यावर घेऊन उठलेली माणसे आज थकली आहेत. काहींची मुले पोटासाठी पुण्याला गेली आहेत. डोंगर झपाझप चढावा. अशा दारी मात्र घाईने जाऊ नये. या आठवड्यात एका तरी घरी निवांत बसून या.

प्रभूमध्ये आपला,
धर्मगुरू